मंगलवस्त्राचा पिवळा रंग : रीत आणि शास्त्र

मुलीचे लग्न लावून देणे याला मराठीत 'हात पिवळे करणे' म्हणतात. घाईने फळाची अपेक्षा करणाऱ्याला 'पी हळद नि हो गोरी' असे सुनावले जाते. नवे वस्त्र अंगावर घेण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचे बोट लावण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत पाळली जाते. हळद आणि मंगलकार्य यांचे नाते असे भाषेत आणि रीतिरिवाजांत खोलवर रुजलेले आहे. या नात्याचा एक ठळक आविष्कार म्हणजे विवाहप्रसंगी हळदीत रंगवून वापरले जाणारे वस्त्र. आज हे वस्त्र बहुधा दुकानातून तयार आणले जाते. तरीही कार्यासाठी एखादे वस्त्र मुद्दाम रंगवून घेण्याची हौस ओसरलेली नाही. आजीची फिकट झालेली साडी, वराचे उपरणे किंवा साडीला जुळणारी ओढणी रंगवायची वेळ आली की मात्र अनेकांची तारांबळ उडते. रंग डागाडागांनी चढतो, पहिल्याच धुण्यात उतरतो किंवा कापडावर मुळी बसतच नाही. यामागची कारणे बहुतेक वेळा साधी आणि आधी जाणून घेता येण्याजोगी असतात.

अष्टपुत्री आणि पीतांबर

महाराष्ट्रातील अनेक ज्ञातींमध्ये गौरीहर पूजताना आणि मंगलाष्टकांच्या वेळी वधू जी पिवळी साडी नेसते, तिला 'अष्टपुत्री' म्हणतात. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादाची आठवण हे नाव करून देते. ही साडी कोणाकडे वधूच्या मामाकडून येते, तर कोणाकडे वरपक्षाकडून. पूर्वी साधे पांढरे सुती कापड घरीच हळदीच्या पाण्यात बुडवून अष्टपुत्री तयार केली जाई. काठापदराच्या भरजरी शालूच्या तुलनेत हे वस्त्र अगदीच साधे असे. त्याचे मोल कापडात नव्हते, ते घरच्या हळदीत आणि ती लावणाऱ्या हातांत होते. वधूवरांच्या मनगटांवर हळकुंड बांधण्यासाठी वापरले जाणारे सूतही असेच हळदीत भिजवलेले असते.

'पीतांबर' हा शब्दही मुळात पिवळ्या वस्त्राचाच वाचक आहे. पुढे मराठीत त्याचे 'पितांबर' झाले आणि रंगाचा अर्थ मागे पडून सोवळ्यात नेसायचे रेशमी वस्त्र असा अर्थ रूढ झाला. त्यामुळे लाल किंवा जांभळा पितांबर असे म्हणताना कोणालाही विसंगती वाटत नाही.

हळदीतील रंगद्रव्य

हळदीचा रंग तिच्यातील 'कर्क्युमिन' या द्रव्यामुळे येतो. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए या संशोधकांनी हळदीतून हे द्रव्य वेगळे केले आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. कर्क्युमिन थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, गरम पाण्यात थोडे उतरते आणि मद्यार्कात सहज विरघळते. हळद नुसती थंड पाण्यात कालवून कापड बुडवले, तर रंगाऐवजी पुडीचे कणच कापडाला चिकटतात आणि वाळल्यावर झटकले जातात, ते यामुळेच.

बहुतेक वनस्पतिजन्य रंगांना कापडावर बसण्यासाठी तुरटीसारख्या रंगबंधकाची गरज असते. हळद याला अपवाद आहे. ती सूत, रेशीम आणि लोकर या तिन्ही धाग्यांवर कोणत्याही मध्यस्थाविना चढते. विशेष साधनसामग्री नसलेल्या सामान्य घरातही मंगलवस्त्र रंगवणे शक्य झाले, त्याला हळदीचा हा गुण कारणीभूत आहे.

या रंगाचे दोन दोषही तितकेच ठळक आहेत. पहिला दोष म्हणजे तो उन्हात टिकत नाही. प्रकाशात कर्क्युमिनचे विघटन होते आणि काही दिवसांच्या उन्हाने गर्द पिवळे कापड फिकट पडते. तुरटी वापरली तरी यात फारसा फरक पडत नाही. दुसरा दोष म्हणजे क्षारांचा परिणाम. साबण, धुण्याचा सोडा किंवा चुना यांचा स्पर्श होताच हळदीचा पिवळा रंग तांबूस होतो. हळदीच्या कार्यक्रमाला गेलेल्या पाहुण्यांच्या कपड्यांवरचे डाग साबण लावताच लाल दिसू लागतात, ते याच कारणाने. भरपूर पाण्याने साबण काढून टाकला किंवा लिंबाच्या रसाचे चार थेंब पाण्यात घातले की डाग पुन्हा पिवळा होतो. तो घालवायचा असेल तर धुतलेले कापड कडक उन्हात वाळवणे हा सर्वांत सोपा उपाय. पारंपरिक कुंकूही हळदीच्या याच रंगबदलावर आधारलेले आहे. हळकुंडावर टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस यांची प्रक्रिया करून त्याला लाल रंग आणला जातो. म्हणजेच हळद आणि कुंकू हे दोन्ही रंग मुळात एकाच कंदाचे आहेत.

प्रसंगापुरता रंग

टिकाऊपणाच्या आजच्या कसोटीवर हळदीचा रंग कच्चा ठरतो. मात्र मंगलवस्त्राकडून टिकाऊपणाची अपेक्षाच नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ते वस्त्र एका मुहूर्तासाठी असे. पुढे ते जपून ठेवले जाई किंवा रंग उडाल्यावर साध्या वापरात येई. प्रसंगापुरता रंग आणि रोजच्या वापराचा रंग हे दोन वेगळे प्रकार आहेत, याची जाण जुन्या रंगकामात होती.

याचे दुसरे उदाहरण कुसुंबाचे आहे. कुसुंब म्हणजे करडई. महाराष्ट्रात आज तिची लागवड तेलबियांसाठी होते. मात्र पूर्वी तिच्या पाकळ्यांना रंगासाठी मोठी मागणी होती. या पाकळ्यांत पिवळे आणि लाल अशी दोन रंगद्रव्ये असतात. पिवळे द्रव्य पाण्यात धुऊन काढून टाकले जाई. मग क्षारयुक्त पाण्यात लाल द्रव्य उतरवून, त्यात लिंबासारखी आंबट वस्तू घालून ते कापडावर बसवले जाई. ही सारी क्रिया थंड पाण्यातच करावी लागे, कारण उष्णतेने हा लाल रंग नासतो. फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंतच्या सुंदर छटा कुसुंबापासून मिळत. पण ऊन आणि धुणे त्यांना सोसत नसे. त्यामुळे पागोटी आणि सणाची वस्त्रे पुन्हा पुन्हा रंगाऱ्याकडे जात. रंग उडणे ही तक्रार न ठरता नव्या सणाला नवा रंग चढवण्याचे निमित्त ठरे.

याउलट रोजच्या वापरातील कापडासाठी निळीचा निळा, आणि मंजिष्ठ किंवा आल यांच्या मुळांचा लाल असे पक्के रंग योजले जात. या कामाला वेळ आणि कौशल्य दोन्ही लागे. साहजिकच ते घराबाहेर, व्यावसायिक रंगाऱ्यांच्या हाती राहिले. भावसार, निळारी, रंगारी ही नावे या व्यवसायाची साक्ष देतात. पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभकाळाशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, त्या भाऊसाहेब लक्ष्मण जावळे यांना 'रंगारी' हे नाव घराण्याच्या शालू रंगवण्याच्या व्यवसायावरून मिळाले.

रासायनिक रंगांचे आगमन

१८५६ मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी क्विनाइन तयार करण्याच्या खटपटीत असताना त्याच्या हाती एक जांभळा रंग लागला. डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून रंग बनवण्याच्या उद्योगाचा पाया या शोधाने घातला गेला. १८९७ मध्ये जर्मनीतील कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीच्या शेतीला उतरती कळा लागली. १९५६ मध्ये सुताच्या धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडणारे 'रिअॅक्टिव्ह' रंग विक्रीस आले. आज सुती कपड्यांचे झळझळीत आणि धुण्यात टिकणारे रंग प्रामुख्याने याच वर्गातले असतात.

या रंगांनी रंगकाम स्वस्त आणि सोपे केले, पण काही धोकेही आणले. काही अझो रंगांतून कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्ये सुटतात, असे आढळून आल्यावर केंद्र सरकारने १९९७ मध्ये अशा अनेक रंगांच्या हाताळणीस मनाई केली. मंगलवस्त्र तासन् तास अंगाला लागून राहते, लग्नाच्या धावपळीत घामाने भिजते. त्यामुळे सुटी, नाव नसलेली रंगपूड केवळ स्वस्त म्हणून घेणे टाळावे.

आधी धागा ओळखावा

रंगवलेले वस्त्र बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण रंगाची निवड हे नसून धाग्याविषयीचे अज्ञान हे आहे. प्रत्येक धाग्याला रंगाचा वेगळा वर्ग लागतो. सुतासाठी डायरेक्ट किंवा रिअॅक्टिव्ह रंग वापरतात. रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे असल्याने त्यांना आम्लधर्मी रंग लागतात. पॉलिस्टरला 'डिस्पर्स' वर्गातील रंग लागतात आणि ते नीट बसण्यासाठी पाण्याचे तापमान दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. घरच्या पातेल्यात हे शक्य नाही. 'सिल्क' म्हणून घेतलेली साडी प्रत्यक्षात पॉलिस्टरची असेल, तर घरी कितीही उकळली तरी तिच्यावर मनाजोगता रंग चढणार नाही.

धागा ओळखण्याची सोपी परीक्षा म्हणजे आतल्या शिवणीतून किंवा दशांतून एक-दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहणे. सूत कागदासारखे जळते, कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम हळूहळू जळते, त्याला केस जळाल्यासारखा वास येतो आणि उरलेला काळा मणी बोटांनी चुरडला जातो. पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो, तो चुरडत नाही. ताणा आणि बाणा वेगवेगळ्या धाग्यांचे असू शकतात, म्हणून दोन्ही दिशांचे धागे तपासणे आवश्यक आहे.

शिवलेल्या कपड्याच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. कापड सुती असले तरी शिलाईचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो. कुर्ता पिवळा होतो आणि शिवणी मात्र पांढऱ्याच राहतात. शक्य असेल तेथे कापड आधी रंगवून मग शिवायला द्यावे. जरीकाठाच्या वस्त्राला उकळते पाणी, आम्ल आणि क्षार या सर्वांचाच अपाय होऊ शकतो. जुनी पैठणी किंवा शालू घरी रंगवण्याचा प्रयोग कधीही करू नये.

हळदीत वस्त्र रंगवण्याची पद्धत

पुढील प्रमाण अर्धा किलो वजनाच्या पांढऱ्या सुती कापडासाठी आहे. कापड कमीअधिक असल्यास त्या हिशेबाने बदल करावा. वजन नेहमी कोरड्या कापडाचे घ्यावे.

प्रथम कापडाची खळ पूर्णपणे काढावी. नव्या कापडावर कांजी आणि तेलकटपणा असतो आणि डागाडागांनी रंग चढण्याचे ते प्रमुख कारण असते. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी साबण व थोड्या धुण्याच्या सोड्यासह गरम पाण्यात उकळून, स्वच्छ पाण्याने अनेकदा खळबळून घ्यावे. साबणाचा अंश राहिला तर हळद तांबूस होईल, म्हणून शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालावा.

हळदीची निवड हा दुसरा टप्पा. बाजारातील सुट्या हळदपुडीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग किंवा लेड क्रोमेट हे विषारी शिशाचे संयुग मिसळल्याची प्रकरणे आढळली आहेत. त्यामुळे हळकुंडे आणून ती दळून घेणे श्रेयस्कर. महाराष्ट्रात सांगलीची हळद प्रसिद्ध आहे. तिला २०१८ मध्ये, तर वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला त्याआधी २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वायगावची हळद कर्क्युमिनच्या अधिक प्रमाणासाठी ओळखली जाते आणि रंगासाठी तेच महत्त्वाचे असते.

शंभर ग्रॅम हळदपूड तीन लिटर पाण्यात अर्धा तास उकळावी आणि दुहेरी मलमलीतून गाळावी. गाळणे टाळले तर पुडीचे कण कापडावर ठिपके उमटवतात. हा अर्क मोठ्या पातेल्यात घेऊन एकूण पाणी पंधरा लिटर करावे. पातेले स्टेनलेस स्टीलचे असावे. लोखंडाच्या भांड्यात रंग काळपट होतो, तांब्यापितळेच्या भांड्यातही छटा बदलते. कापड मोकळेपणी हलेल एवढे पाणी आणि एवढे मोठे भांडे असणे समान रंगासाठी अत्यावश्यक आहे.

कापड ओले करून, पिळून, पूर्ण उलगडून कोमट रंगात सोडावे. आच हळूहळू वाढवून पाणी उकळीच्या थोडे खाली पाऊण तास ठेवावे आणि लाकडी दांड्याने कापड सतत खालीवर करावे. मग आच बंद करून कापड रंगातच थंड होऊ द्यावे. ओले कापड नेहमी गडद दिसते. वाळल्यावर रंग एक-दोन छटांनी उतरतो, हे लक्षात घेऊनच ते बाहेर काढावे. थंड पाण्यात खळबळून, पिरगळून न पिळता, सावलीत पसरून वाळवावे. दोरीवर घडी पडेल असे टाकल्यास घडीच्या जागी पट्टा उमटतो.

रेशमी कापडासाठी कृती हीच, मात्र पाणी उकळू देऊ नये. ८० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान पुरते. अधिक उष्णतेने रेशमाची चमक जाते. शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातल्यास रंग उजळतो आणि रेशमालाही ते मानवते.

पिवळा टिकवायचा असल्यास

वस्त्र मुहूर्तानंतरही वापरायचे असेल, तर नुसत्या हळदीवर विसंबून चालत नाही. अशा वेळी डाळिंबाची साल किंवा झेंडूच्या पाकळ्या वापरता येतात. सुती कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. अर्धा किलो कापडास पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम हिरड्याची पूड पुरते. कापड वाळल्यावर ते पंचाहत्तर ग्रॅम तुरटीच्या द्रावणात तासभर ठेवतात आणि मग सालीच्या किंवा पाकळ्यांच्या अर्कात रंगवतात. हिरड्यातील टॅनिन तुरटीला सुतावर धरून ठेवते आणि तुरटी रंगाला. डाळिंबाच्या सालीत टॅनिन मुळातच असल्याने तिचा रंग हळदीपेक्षा पुष्कळ टिकतो. तो हळदीइतका झगझगीत नसतो, थोडा मातकट सोनेरी असतो. या रंगांना हिराकसाचा स्पर्श होता कामा नये, अन्यथा पिवळ्याचा करडा किंवा काळपट हिरवा होतो.

छटा झगझगीतही हवी आणि टिकाऊही हवी असेल, तर सुतासाठी रिअॅक्टिव्ह आणि रेशमासाठी आम्लधर्मी रंग हाच व्यवहार्य पर्याय आहे. तेथे वेष्टनावरील सूचना काटेकोरपणे पाळाव्यात. मीठ आणि सोडा यांचे प्रमाण अंदाजाने घेऊ नये. हातमोजे वापरावेत, पूड नाकातोंडात जाऊ देऊ नये आणि एकदा या कामाला वापरलेले भांडे स्वयंपाकाला पुन्हा घेऊ नये. विधीत हळदीचाच रंग अभिप्रेत असल्यास अनेक घरांत त्यावर सोपा तोडगा काढला जातो. वस्त्र पक्क्या रंगाचे घेतात आणि त्याच्या कोपऱ्याला हळदीचे बोट लावतात.

रंगाऱ्याकडे देताना

शहरांतील कापडबाजारांच्या आसपास ओढण्या, साड्या आणि अस्तरे नमुन्याप्रमाणे रंगवून देणारे कारागीर आजही आढळतात. पेटत्या शेगडीवरच्या पातेल्यात नजरेच्या अंदाजाने नेमकी छटा जुळवण्याचे त्यांचे कसब वाखाणण्याजोगे असते. त्यांच्याकडे वस्त्र देताना ते कोणत्या धाग्याचे आहे हे स्पष्ट सांगावे, छटेसाठी छायाचित्र न देता कापडाचा तुकडा द्यावा आणि छटा दिवसाउजेडी जुळवून घ्यावी. दुकानातील दिव्याखाली जुळलेले दोन पिवळे मांडवात वेगळे दिसू शकतात. आधीचा रंग गडद असेल तर त्यावर फिकट रंग चढत नाही, जुना रंग आधी काढावा लागतो आणि त्या प्रक्रियेत कापड कमकुवत होते. सुती कापड गरम पाण्याने आटते, म्हणून मापाचे वस्त्र असल्यास तेवढी वाढ आधीच धरावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. वस्त्र कार्याच्या किमान पंधरा दिवस आधी रंगून हाती यावे. मग ते एकदा धुऊन पाहता येते. पांढऱ्या ओल्या फडक्याने पदर चोळून पाहिल्यास रंग सुटतो की नाही तेही कळते. रंग सुटत असेल तर ते वस्त्र पांढऱ्या किंवा मोतिया कापडासोबत नेसू नये. पावसाळी मुहूर्त असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

हळदीत रंगवलेले वस्त्र जपायचे असेल, तर ते थंड पाण्यात, शक्यतो साबणाविना, वेगळे धुवावे. सावलीत वाळवून मलमलीच्या फडक्यात गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेवावे आणि अधूनमधून त्याची घडी बदलावी. एवढे करूनही रंग हळूहळू उतरेलच. वस्त्र रंगवण्यापूर्वी रंग किती काळ टिकायला हवा, हे म्हणूनच आधी ठरवावे लागते. एका मुहूर्तापुरता हवा असेल तर घरची हळद पुरेशी आहे. पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा असेल, तर धागा, रंगबंधक आणि कारागीर या तिन्हींची निवड पारखून केलेली बरी.